किशोरवयातील नैराश्य : एका निदानाची इतिहासमीमांसा

प्रस्तावना

नैराश्य हा मानवाच्या परिचयाचा अतिशय जुना विकार आहे. तो किशोरवयीन मुलामुलींनाही होतो, या गोष्टीस वैद्यकशास्त्राची अधिकृत मान्यता मिळाली ती मात्र गेल्या अर्धशतकात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा महिनोन् महिने गप्प राहतो, अभ्यासात मागे पडतो, खेळ सोडतो, रात्री झोपत नाही. या एकाच वर्तनास वेगवेगळ्या काळात वेगवेगळी नावे दिली गेली. कधी तो आळस ठरला, कधी वयाचा परिणाम, कधी बिघडलेली वर्तणूक आणि अखेरीस आजार. नाव बदलले की त्या मुलाशी वागण्याची रीतही बदलते. आळशी मुलास शिक्षा होते, वयात आलेल्याकडे दुर्लक्ष होते, बिघडलेल्यास सुधारगृहाची वाट दाखविली जाते आणि आजारी मुलास उपचार मिळतात. म्हणूनच किशोरवयीन नैराश्याचा इतिहास हा केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांचा विषय नाही. ज्यांच्यासमोर ही मुले रोज वर्गात बसतात, त्यांच्याशीही त्याचा थेट संबंध आहे.

प्रस्तुत निबंधात या निदानाच्या घडणीचा मागोवा घेतला आहे. ही घडण मुख्यत्वे युरोप व अमेरिकेत झाली, त्यामुळे विवेचनाचा मोठा भाग तेथील आहे. भारतात, विशेषतः मुंबई व गोवा येथे, या इतिहासाचे जे धागे येऊन मिळतात त्यांचा विचार उत्तरार्धात केला आहे.

विषाद, खिन्नता आणि वयाची मर्यादा

मनाच्या या अवस्थेस आपल्या परंपरेत शब्दांची उणीव कधीच नव्हती. विषाद, खिन्नता, औदासीन्य, विषण्णता, उद्वेग हे सारे शब्द मराठीने संस्कृतातून घेतले आणि सहज वापरले. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग असे आहे. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादास अग्रस्थान दिलेले आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग बालकांच्या रोगांना वाहिलेले आहे. तथापि तेथील भर ग्रहबाधा, स्तन्यदोष व संगोपन यांवर असून वयात येणाऱ्या मुलाचा विषाद हा त्या शास्त्राचा स्वतंत्र विषय झाला नाही.

युरोपातील स्थितीही फारशी वेगळी नव्हती. रॉबर्ट बर्टनने १६२१ मध्ये ‘मेलँकोलिया’ या विकारावर आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. गटेची वेर्थरवरील कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तरुणांवर तिचा अनिष्ट परिणाम होतो, या भयाने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी घालण्यात आली. तरुण मनाच्या खिन्नतेची धास्ती समाजास वाटत होती, पण ती साहित्याच्या व नीतीच्या प्रांतात. एकोणिसाव्या शतकातील काही वैद्यांनी मात्र डोळे उघडे ठेवून निरीक्षण केले होते. इंग्रज मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली याने १८६७ च्या आपल्या ग्रंथात बालवयातील मनोविकारांवर एक प्रकरण लिहिले आणि त्यांत मेलँकोलियाचाही समावेश केला. म्हणजे मुलांमधील खिन्नता कोणाच्या दृष्टीस पडलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. दृष्टीस पडलेली गोष्ट पुढे सिद्धान्ताच्या आग्रहापायी नाकारली गेली, हे अधिक खरे आहे.

वादळी वयाची कल्पना

‘किशोरावस्था’ ही स्वतंत्र शास्त्रीय संकल्पना म्हणून प्रस्थापित करण्याचे श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांस दिले जाते. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथाने हे वय वादळाचे व ताणाचे असते, असे प्रतिपादन केले. हा शब्दप्रयोग अठराव्या शतकातील एका जर्मन साहित्यिक चळवळीवरून घेतलेला होता. हॉल यांनी या वयातील उदासीनतेच्या लहरींची दखल घेतली, परंतु त्या लहरी विकासाचा एक टप्पा ठरविल्या. मुलगा खिन्न आहे, कारण तो किशोर आहे. एवढे उत्तर पुरेसे वाटू लागले.

मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील मुलींच्या अभ्यासातून या वादळाच्या सार्वत्रिकतेविषयी शंका घेतली. त्यांच्या क्षेत्रकार्यावर पुढे बराच वाद झाला, तो येथे अप्रस्तुत आहे. चिकित्सालयांतून मात्र हॉल यांचीच कल्पना टिकून राहिली. १९५८ मध्ये ॲना फ्रॉइड यांनी तर किशोरवयात मन स्थिर असणे हेच अस्वाभाविक होय, अशा आशयाची भूमिका मांडली. मनोविश्लेषणाच्या क्षेत्रातील त्यांचा अधिकार लक्षात घेता या मताचा परिणाम किती दूरवर झाला असेल, याची कल्पना येते. सर्वच मुले अस्वस्थ असतात असे गृहीत धरले की त्यांतील आजारी मूल वेगळे ओळखण्याचे कारणच उरत नाही.

या गृहीतकास छेद देणारे पुरावे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे येऊ लागले. जेम्स मास्टरसन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून सोडून दिलेली लक्षणे पुष्कळ रुग्णांत वयाबरोबर जात नाहीत, असे दाखविले. डॅनियल ऑफर यांनी १९६९ मध्ये सर्वसामान्य शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतील बहुसंख्य मुले वादळात सापडलेली नव्हती. पाठोपाठ मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील आयल ऑफ वाइट या बेटावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. किशोरवयीन खळबळ हे वास्तव आहे की कल्पित, असा प्रश्न त्यांच्या १९७६ च्या निबंधाच्या शीर्षकातच होता. पालकांशी तुटलेपण सर्रास नसते, मात्र आतून दुःखी असल्याचे अनेक मुले स्वतः सांगतात आणि ते दुःख भोवतालच्या प्रौढांच्या ध्यानात येत नाही, हे या पाहणीचे महत्त्वाचे फलित होय. मुलास थेट विचारले तरच ते कळते, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी नवीन होती.

सिद्धान्ताने नाकारलेला आजार

मुलांना नैराश्य का होऊ शकत नाही, याचे मनोविश्लेषणवादी उत्तर तर्कदृष्ट्या सुसंगत होते. नैराश्य म्हणजे कठोर पराहम् ने अहम् वर केलेला हल्ला. अपराधभावना हा त्याचा गाभा. लहान मुलात पराहम् पुरेसा घडलेला नसतो, म्हणून त्यास खरेखुरे नैराश्य संभवत नाही. ग्रेगरी रॉकलिन यांनी १९५९ मध्ये आणि हर्बर्ट री यांनी १९६६ च्या आपल्या समीक्षालेखात बालवयातील नैराश्याच्या अस्तित्वाविषयीच प्रश्न उपस्थित केले. रेने स्पिट्झ यांनी १९४६ मध्येच मातेपासून दुरावलेल्या अर्भकांच्या खिन्न अवस्थेचे वर्णन करून ठेवले होते, तरीही प्रौढांच्या नैराश्याशी तिचे नाते जोडण्यास मुख्य प्रवाह तयार नव्हता.

येथे एका साम्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नेमक्या याच काळात वसाहतींतील लोकांविषयीही असाच युक्तिवाद केला जात होता. जे. सी. कॅरोथर्स यांनी १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात, आफ्रिकी लोकांत नैराश्य विरळ आढळते असे सांगून त्याचा संबंध व्यक्तिगत जबाबदारीच्या भावनेच्या अभावाशी जोडला. भारतीय रुग्णांबद्दलही अपराधभावना कमी व शारीरिक तक्रारी अधिक, म्हणून खरे नैराश्य कमी, असा समज रूढ होता. मदुराईचे ए. व्यंकोबा राव यांच्यासारख्या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकापासून आपल्या रुग्णांच्या नोंदींच्या आधारे नैराश्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केल्यावर तो समज ढासळू लागला. मूल आणि वसाहतीतील प्रजाजन या दोघांनाही ‘अजून पुरते घडले नाहीत’ या एकाच कारणास्तव दुःखाच्या अधिकारापासून वंचित ठेवण्यात आले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. ज्या शास्त्राला आजाराची व्याख्या प्रौढ युरोपीय रुग्णावरून करावयाची होती, त्यास इतरांचे नैराश्य दिसणे अवघडच होते.

या कोंडीतून काढलेली पहिली वाट म्हणजे ‘मुखवट्याआडचे नैराश्य’ ही संकल्पना. जेम्स टूलन यांनी १९६२ मध्ये व कर्ट ग्लेझर यांनी १९६७ मध्ये असे मांडले की, मुलांमध्ये नैराश्य असते, पण ते शाळा बुडविणे, चोरी, चिडखोरपणा, पोटदुखी, अभ्यासातील पीछेहाट अशा रूपांत झाकलेले असते. या मांडणीने निदान करणाऱ्यांचे लक्ष शाळेकडे वळविले, हा तिचा मोठा लाभ. दोषही तितकाच मोठा होता. प्रत्येक बंडखोर वर्तनामागे नैराश्य शोधता येऊ लागले, आणि जे सर्वत्र सापडते ते सिद्ध किंवा खंडित करणे अशक्य होते. मुखवटा काढून पाहिल्यावर, म्हणजे मुलाशी नीट बोलल्यावर, खिन्नता सरळसरळ सांगितली जाते असे आढळल्यामुळे ही संकल्पना पुढे मागे पडली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी स्टॉकहोम येथे युरोपातील बालमनोविकारतज्ज्ञांच्या संघाची परिषद भरली. बाल व किशोरवयातील नैराश्यावस्था हाच तिचा विषय होता. १९७३ मध्ये वॉरेन वाइनबर्ग व सहकाऱ्यांनी मुलांमधील नैराश्यासाठी निदानाचे निश्चित निकष सुचविले. ही मुले मनोरुग्णालयातून नव्हे, तर शैक्षणिक अडचणींसाठी चालविलेल्या केंद्रातून आलेली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिने प्रौढांचेच निकष मुलांनाही लागू केले. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत एक लहानसा पण अर्थपूर्ण बदल झाला. मुले व किशोर यांच्या बाबतीत उदास मनःस्थितीऐवजी चिडचिडी मनःस्थितीही निकष म्हणून ग्राह्य धरण्यात आली. मुखवट्याच्या संकल्पनेतील जेवढा अंश टिकाऊ होता, तो या एका शब्दाच्या रूपाने शिल्लक राहिला.

गोळी आणि पुरावा

निदान मान्य झाले की उपचाराचा प्रश्न उभा राहतो. प्रौढांसाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इमिप्रामीन व त्या वर्गातील औषधे वापरात होती. मुलांवरील नियंत्रित प्रयोगांत ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरत नव्हती. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटीन या औषधास अमेरिकेत प्रौढांसाठी परवानगी मिळाली आणि नव्या वर्गाच्या औषधांचे युग सुरू झाले. ग्रॅहॅम एम्स्ली व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे औषध मुले व किशोर यांच्यात प्लासिबोपेक्षा उपयुक्त असल्याचे दाखविले आणि जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वयोगटासाठी त्यास मान्यता दिली.

याच सुमारास घडलेले दुसरे प्रकरण मात्र या इतिहासातील सर्वांत बोधप्रद, आणि तितकेच क्लेशदायक म्हणावे लागेल. ‘अभ्यास क्रमांक ३२९’ या नावाने ते ओळखले जाते. पॅरॉक्सेटीन या औषधाच्या निर्मात्या कंपनीने १९९४ ते १९९८ या काळात अमेरिका व कॅनडातील केंद्रांत १२ ते १८ वर्षे वयाच्या २७५ किशोरवयीन रुग्णांवर हा प्रयोग केला. एका गटास पॅरॉक्सेटीन, दुसऱ्यास इमिप्रामीन व तिसऱ्यास प्लासिबो देण्यात आले. २००१ मध्ये बाल व किशोर मनोविकारशास्त्राच्या एका अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात मार्टिन केलर व अन्य २१ लेखकांच्या नावे त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. औषध परिणामकारक असून रुग्णांना सामान्यतः सहन होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रत्यक्षात, प्रयोगाआधी ठरविलेल्या मुख्य निकषांवर औषध व प्लासिबो यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण फरक आढळलेला नव्हता. नंतर योजलेल्या इतर मोजमापांतून अनुकूल तेवढी पुढे आणली गेली होती. आत्महत्येचे विचार व स्वतःस इजा करून घेण्याचे प्रसंग ‘भावनिक अस्थिरता’ अशा निरुपद्रवी शीर्षकाखाली नोंदले गेले होते. लेखाचा मसुदा कंपनीने नेमलेल्या व्यावसायिक लेखनसंस्थेकडून तयार करून घेण्यात आला होता. औषध निष्प्रभ ठरल्याचे जाहीर करणे व्यापारी दृष्ट्या परवडणारे नाही, अशा आशयाचे १९९८ मधील कंपनीचे अंतर्गत टिपणही पुढे उजेडात आले. या औषधास अठरा वर्षांखालील रुग्णांसाठी मान्यता कधीच नव्हती. परंतु डॉक्टर स्वतःच्या अखत्यारीत ते देऊ शकत होते, आणि प्रसिद्ध झालेला लेख त्यांच्यासमोर ठेवला जात होता.

जून २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने नैराश्यासाठी अठरा वर्षांखालील रुग्णांना पॅरॉक्सेटीन देऊ नये, असे बजावले. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर दावा दाखल केला. पंचवीस लाख डॉलर भरून व आपल्या प्रयोगांची माहिती जाहीर करण्याचे मान्य करून कंपनीने तो मिटविला. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या तीन अब्ज डॉलरच्या तडजोडीत, अठरा वर्षांखालील मुलांसाठी या औषधाचा प्रसार केल्याच्या आरोपाचाही अंतर्भाव होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ कागदपत्रांच्या आधारे साऱ्या माहितीचे पुनर्विश्लेषण करून ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. पॅरॉक्सेटीन परिणामकारकही नव्हते आणि सुरक्षितही नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. चुकीचा लेख छापला जाण्यापासून ते त्याचे सविस्तर खंडन होण्यापर्यंत चौदा वर्षे लोटली. तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकांत लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या अध्यापकांनी या प्रकरणाचे मूळ कागद एकदा नजरेखालून घालावेत, इतके ते उद्बोधक आहेत.

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व नैराश्यविरोधी औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश दिला. २४ प्रयोगांतील ४,४०० हून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात आत्महत्येचे विचार वा तशा वर्तनाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के व प्लासिबो घेणाऱ्यांत २ टक्के आढळले होते. या प्रयोगांत एकही आत्महत्या घडलेली नव्हती. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू करण्यात आला. इशाऱ्यामुळे औषधांचा वापर घटला आणि उपचाराविना राहिलेल्या मुलांचे नुकसानच झाले, असाही पक्ष पुढे आला. त्यावर आजही एकमत नाही.

या गदारोळात शासकीय खर्चाने झालेल्या एका अभ्यासाकडे काहीसे दुर्लक्ष झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकन अभ्यासात १२ ते १७ वयोगटातील ४३९ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटीन व बोधात्मक वर्तनोपचार एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के, केवळ औषध घेणाऱ्यांपैकी ६०.६ टक्के, केवळ वर्तनोपचार घेणाऱ्यांपैकी ४३.२ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ३४.८ टक्के मुलांत सुधारणा दिसली. प्लासिबो गटातील एक तृतीयांशाहून अधिक मुले सुधारली, ही बाबही डोळ्याआड करण्यासारखी नाही. कोणीतरी नियमितपणे विचारपूस करते, याचा तो परिणाम असू शकतो. विचार बदलून भावना बदलण्याच्या या उपचारपरंपरेचे एक अंग, म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना पूर्वीपासूनच परिचित होते, याची येथे नोंद करावयास हवी.

मुंबईतील बालमार्गदर्शन केंद्र आणि नंतर

भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाशी, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेशी, ते संलग्न होते. या प्रकारच्या केंद्रांचा उगम शिकागोत होता. १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी तेथील बालन्यायालयाच्या अनुषंगाने असे पहिले केंद्र काढले होते. या वंशावळीचा परिणाम दूरगामी ठरला. बालमार्गदर्शन केंद्रात मूल येत असे ते कोणीतरी तक्रार केल्यामुळे. चोरी करणारे, पळून जाणारे, वर्गात दंगा करणारे, अभ्यासात मंद असे मूल पाठविले जाई. जे मूल कोणासही त्रास देत नाही, मागच्या बाकावर गप्प बसते, त्याची तक्रार कोण करणार? मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. गप्प राहणारी मुलगी ही समस्या नव्हे, तो गुण समजला जात होता.

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. दोहोंचा भर गंभीर मनोविकारांवर होता. किशोरवयीन मुले शासकीय आरोग्यधोरणाच्या केंद्रस्थानी आली ती जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमामुळे. मानसिक आरोग्य हा त्याच्या सहा प्रमुख विषयांपैकी एक होता.

कायद्याचा आणखी एक अडसर होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्यान कौर खटल्यात ते वैध ठरविले. पोलिसांच्या धास्तीने कुटुंबे असे प्रसंग अपघात म्हणून सांगत आणि मुलास मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याचे टाळीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम नाही.

गोव्याचा पुरावा

विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तिच्या संशोधकांनी गोव्याच्या शहरी व ग्रामीण भागांतील १२ ते १६ वयोगटातील २,०४८ मुलामुलींची पाहणी केली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणताही मनोविकार असणाऱ्यांचे प्रमाण केवळ १.८१ टक्के व नैराश्याचे ०.५ टक्के आढळले. पाश्चात्त्य आकडेवारीच्या तुलनेत हे प्रमाण आश्चर्यकारक रीत्या कमी होते. शहरी मुलांत आणि लिंगभेदाची वागणूक सोसावी लागलेल्या मुलींत ते अधिक होते. अभ्यासातील अडचणी, शारीरिक वा शाब्दिक छळ, परिसरातील असुरक्षितता, तंबाखूचे सेवन यांच्याशी विकारांचा संबंध दिसला. कुटुंब हाच मुख्य आधार असलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण कमी होते. पार्टी, सिनेमा, मौजेखातर खरेदी, मित्र वा मैत्रीण अशा ‘अपारंपरिक’ जीवनशैलीशीही संबंध आढळला आणि त्याचा अर्थ काय लावावा हा खरा अवघड प्रश्न आहे. संस्कृतिरक्षकांना त्यात आपल्या मताचा पुरावा सापडेल. परंतु परंपरा सोडल्यामुळे मूल खचते, की परंपरा सोडणाऱ्या मुलास घरचे सोडतात म्हणून ते खचते, हे एका वेळच्या पाहणीवरून ठरविता येत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयोगटातील मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के नोंदविले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार संख्येत महाराष्ट्र १,७६४ घटनांसह पहिला होता. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतेच असे नाही आणि नैराश्यग्रस्तांपैकी बहुसंख्य कधीही त्या टोकास जात नाहीत. दोन्ही आकडे एकमेकांशी सरसकट जोडण्याची वृत्तपत्रीय प्रथा त्यामुळे सदोष आहे. तथापि ज्या राज्यात ही संख्या सर्वाधिक, तेथील मुलांच्या मनःस्थितीचा अंदाज त्या सर्वेक्षणातून मिळू शकला नाही, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

शाळा, शिक्षक आणि समुपदेशक

मनोविकारतज्ज्ञांची तुटपुंजी संख्या पाहता भारतात उपचार शाळेमार्गेच पोहोचू शकतील, हा विचार ‘संगत’च्या पुढील कार्यामागे होता. दिल्लीतील सहा शासकीय शाळांत २५१ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मुलांना त्यांच्या अडचणी सोडविण्याची रीत काही बैठकांत शिकविली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता कमी झाली. लक्षणांच्या एकूण मोजमापात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. संशोधकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ‘अभ्यास क्रमांक ३२९’ च्या पार्श्वभूमीवर हा प्रामाणिकपणा उठून दिसतो.

२४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलै २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, अशा त्या सूचना आहेत.

यांतील शेवटच्या सूचनेच्या संदर्भात बिहारमधील एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक ठरतो. नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत शालेय वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबविण्यात आला. काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शाळेतील शिक्षकांकडे सोपविले, तर उर्वरित शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, विद्यार्थ्यांमधील नैराश्याची लक्षणे व मारामारी-दमदाटीचे प्रकार घटले. शिक्षकांच्या शाळांत काहीही परिणाम दिसला नाही. कार्यक्रम तोच, पुस्तिका त्याच, प्रशिक्षणही दिलेले. अध्यापन, परीक्षा व शासकीय कामे यांच्या ओझ्याखाली शिक्षकास हे काम जमत नाही, की जो गुण देतो आणि शिक्षा करतो त्याच्याजवळ मूल मन मोकळे करीत नाही, याचा उलगडा केवळ आकड्यांवरून होत नाही. दुसरी शक्यता खरी असेल, तर प्रशिक्षणाची सत्रे कितीही वाढविली तरी ती समुपदेशकाच्या रिक्त पदाची जागा घेऊ शकणार नाहीत.